विश्लेषण : गर्भपाताचा हक्क होता, पण गरीब स्त्रीसाठी पैसे नव्हते...

अमेरिकेतील गर्भपाताच्या हक्काची चर्चा 1973 चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल आणि तो रद्द करणारा 2022 चा ‘डॉब्ज’ निकाल, या दोन टोकांमध्येच फिरते. गरीब स्त्रियांसाठी मात्र हा हक्क 1980 मध्येच बऱ्याच अंशी कागदावर उरला होता. त्या निकालाचे नाव ‘हॅरिस विरुद्ध मॅक्रे’.

हाइड दुरुस्ती म्हणजे काय?

‘मेडिकेड’ ही अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना. तिचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून उचलतात. ‘रो’नंतर तीतून गर्भपाताचाही खर्च मिळत असे. 1976 मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधी हेन्री हाइड यांनी खर्चाच्या विधेयकाला एक अट जोडून घेतली : केंद्राचा पैसा गर्भपातासाठी वापरायचा नाही. सुरुवातीला अपवाद एकच, मातेच्या जिवाला धोका. बलात्कार आणि निकटच्या नात्यातील लैंगिक संबंधांतून राहिलेला गर्भ, हे आजचे अपवाद 1993 मध्ये नव्याने आले. हा कायमस्वरूपी कायदा नाही. दरवर्षीच्या खर्च विधेयकातून अट पुढे चालू राहते. डेमोक्रॅटिक अध्यक्षांनीही अशा विधेयकांवर सह्या केल्या आहेत.

न्यायालय काय म्हणाले?

पाच विरुद्ध चार मतांनी अट वैध ठरली. न्या. पॉटर स्टुअर्ट यांचा युक्तिवाद असा : सरकारने स्त्रीच्या वाटेत अडथळा आणू नये, पण जो अडथळा सरकारने निर्माण केलेला नाही, तो दूर करणे त्याला बंधनकारक नाही. गरिबी हा असाच अडथळा.

युक्तिवाद ऐकायला नेटका आहे, पण हिशेबात बसत नाही. मेडिकेड गरीब गर्भवतीच्या प्रसूतीचा पूर्ण खर्च देते. गर्भारपणामुळे तिची प्रकृती गंभीरपणे बिघडेल असे डॉक्टरने लिहून दिले, तरी गर्भपाताचा खर्च मात्र नाही. म्हणजे सरकार बाजूला उभे नाही, ते एका पारड्यात पैसे टाकते आहे. ज्याला गर्भपात पाप वाटतो त्याच्या करातून तो का व्हावा, हा हाइड समर्थकांचा प्रश्न प्रामाणिक आहे. पण युद्धे अमान्य असणाऱ्यांच्या करातूनच युद्धे लढली जातात. तिथे ही सवलत कुणाला मिळत नाही.

भारतीय वाचकाला स्टुअर्ट यांची भूमिका परकी वाटेल. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’ खटल्यात 1996 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार देणे हे सरकारचे घटनात्मक कर्तव्य मानले आणि पैशाची अडचण ही सबब नाकारली. अमेरिकी राज्यघटना मुख्यतः सरकारने काय करू नये हे सांगणारी म्हणून वाचली जाते.

मग मार्ग कुठला?

राज्यांच्या राज्यघटना. कॅलिफोर्निया (1981) आणि न्यू जर्सी (1982) येथील सर्वोच्च न्यायालयांनी प्रसूतीला पैसे देऊन वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक गर्भपाताला नाकारणे अवैध ठरवले. तिथे राज्य स्वतःच्या तिजोरीतून खर्च करते. पेनसिल्व्हेनियाने 1985 मध्ये उलट निकाल दिला होता. जानेवारी 2024 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला : फक्त स्त्रियांना लागणारा उपचार वगळणे हा सकृद्दर्शनी लिंगभेद आहे, त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी राज्याची. त्यानंतर प्रकरण फेरसुनावणीसाठी खालच्या न्यायालयात पाठवले गेले. या निकालाचा आधार राज्यघटनेतील 1971 चे समानतेचे कलम होते, ‘रो’ नव्हे. त्यामुळे ‘डॉब्ज’ची झळ त्याला लागली नाही.