रिओची सहल आणि आमची मुंबई
(द्वितीय वर्ष, कला)

दहावीच्या भूगोलाने आमच्या पिढीला एक गमतीदार देणगी दिली आहे. २०१८ साली आलेल्या त्या पाठ्यपुस्तकात भारताच्या जोडीला ब्राझील हा देश अभ्यासाला होता. हवामान दोघांचे, नद्या दोघांच्या, लोकसंख्या दोघांची, पर्यटनही दोघांचे! परिणाम असा झाला की, चिंचणी-तारापूरच्या मुलाला रिओ दी जानेरो कोणत्या महासागराच्या काठी आहे हे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण राणीच्या बागेला जायचे तर कोणत्या स्टेशनवर उतरायचे, हे विचारले की तो वडिलांच्या तोंडाकडे पाहतो. आणि वडिलांनाही ते ठाऊक असतेच असे नाही.

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने विचारले, "ताई, आपण रिओला जायचं ठरवलं तर?" कागदावरच्या प्रवासाला भाडे लागत नाही. आम्ही वही घेतली आणि पाच माणसांची चार दिवसांची सहल आखायला बसलो. आजी, आई, बाबा आणि आम्ही दोघे. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मनोरंजन म्हणून सुरू झालेल्या या उद्योगातून मला जे उमगले, ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट ही उमगली की, सहल स्थळांपासून सुरू होत नाही, माणसांपासून सुरू होते. ब्राझीलहून परतणाऱ्याजवळ पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि ती लस प्रवासाआधी निदान दहा दिवस घ्यावी लागते. साठी ओलांडलेल्यांना ती द्यावी की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवतात. म्हणजे आजी येणार की नाही, हा प्रश्न तिकिटाच्याही आधी आला! रिओचे घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे, तेव्हा पहिला दिवस झोपेलाच द्यायचा. उरले तीन. कोर्कोवादो डोंगरावरचा ख्रिस्ताचा पुतळा ढगात दडतो, म्हणून त्याच्यासाठी एक नव्हे, दोन सकाळी राखून ठेवायच्या. कोपाकबाना हा चार किलोमीटरचा प्रसिद्ध समुद्रकिनारा भावाने यादीत घातला, तर बाबा म्हणाले, "समुद्र बघायला एवढ्या लांब कशाला? दाराशी आहे की!" तो खोडला.

आजीची अडचण गुडघ्यांची. पण गंमत अशी की, सातशे दहा मीटर उंचीच्या त्या डोंगरावर १८८४ पासून दात्यांच्या रुळावरची रेल्वे चढते. पुतळा उभा राहिला १९३१ साली, म्हणजे गाडी आधी आणि देव नंतर! शेवटच्या पायऱ्या उरत होत्या, त्यांच्यासाठीही २००३ साली लिफ्ट आणि सरकते जिने बसवले गेले. आपल्या घारापुरीच्या लेण्यांना होडीतून उतरल्यावर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आजी रिओतल्या डोंगराच्या माथ्यावर पोहोचू शकते, पण मुंबईजवळच्या घारापुरीला पोहोचू शकत नाही, हे वहीत लिहिताना आम्हाला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले.

या सगळ्या बैठकीत आई गप्प होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला, "तिथं सैपाक कोण करणार?"

भाऊ म्हणाला, "कोणी नाही. बाहेर जेवायचं."

आई म्हणाली, "मग जाऊ या."

रिओला आम्ही जाणार नाही, हे चौथीतल्या मुलालाही कळेल. बाबा घरच्या घरी दागिन्यांच्या डाय कोरतात. चिंचणी-वरोर भागात हा धंदा घरोघर चालतो, त्यातल्या मिळकतीचा अंदाज इथल्या वाचकांना मी सांगायला नको. पण आईच्या त्या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. रिओ राहू द्या; आईने मुंबई तरी पाहिली आहे का?

आमच्या घरातल्या मुंबईचा हिशेब मांडते. बाबांची मुंबई म्हणजे स्टेशन ते झवेरी बाजार आणि झवेरी बाजार ते स्टेशन. पंचवीस वर्षे ते जातात, पण गेट वे ऑफ इंडिया त्यांनी एकदाच पाहिले आहे, तेही बसमधून. काकांची मुंबई म्हणजे खरे तर ठाणे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तोवर जिल्ह्याच्या ठिकाणचे प्रत्येक काम ठाण्यालाच होते. आणि आईची मुंबई म्हणजे एका रुग्णालयाची पायरी, केसपेपरची खिडकी आणि आजोबांच्या खाटेजवळचे बाकडे. अकरा दिवस ती तिथे होती. समुद्र तिथून फार लांब नव्हता, पण तो तिला दिसला नाही.

हे केवळ माझ्या घरचे नाही. मी वर्गातल्या मैत्रिणींना विचारले. दवाखाना, लग्नाचा बस्ता, मयत, नोकरीची मुलाखत, कोर्ट... आमची घरे महानगरात जातात ती कामासाठी, आणि बहुतेक वेळा अडचणीच्या कामासाठी. ज्या शहराची प्रत्येक आठवण रांगेची आणि धाकधुकीची आहे, त्या शहराविषयी मनात भीती बसली तर नवल काय? मग मुलगी पुढे शिकायला मुंबईला जाते म्हणाली, की आईच्या डोळ्यांपुढे तीच खिडकी उभी राहते. 'नको' हा शब्द तिथून येतो. आपण त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो!

म्हणून माझे मत असे आहे की, आमच्यासारख्या घरांनी एकदा तरी महानगरात कामाशिवाय जावे. घरातल्या सगळ्यांनी मिळून जावे आणि ते जाणे रिओला जाण्याइतक्याच काळजीने आखावे.

काळजीने का? कारण न आखलेली सहल शेवटी बाईच्या अंगावर पडते. आपल्याकडची रीत पाहा. मुंबईला राहायचे म्हणजे नातेवाइकांकडे उतरायचे. त्यांची खोली दहा बाय बारा, माणसे आधीच पाच, त्यात आपण पाच. यजमानीणबाईंना एकटीने कसे करू द्यायचे? म्हणून आपली आई पदर खोचून ओट्यापाशी उभी राहते. पुरुष आणि मुले मुंबई पाहून येतात, आणि आई मुंबईच्या पोळ्या लाटून येते. त्यापेक्षा साध्या लॉजचे एका रात्रीचे भाडे भरावे, दोन महिने आधीपासून साठवून भरावे. तो खर्च चैनीचा नाही. सहलीतला तोच सर्वांत खरा खर्च आहे.

दुसरे असे की, दिवसात दोनच ठिकाणे घ्यावीत. 'मुंबई दर्शन'च्या नावाखाली आठ ठिकाणांपुढे गाडी थांबवून फोटो काढण्याने शहर दिसत नाही, फक्त पाय दुखतात. आमच्या वहीत आता मुंबईचे पान आहे. भावाला पेंग्विन पाहायचे आहेत. राणीच्या बागेतले हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे दक्षिण अमेरिकेच्या पेरू-चिली किनाऱ्यावरच्या जातीचे. २०१६ साली ते मुंबईत आणले गेले आणि २०१७ पासून लोकांना पाहायला मिळू लागले. रिओ नाही तर नाही, दक्षिण अमेरिकेची एवढी तरी भेट दादरला गाडी बदलून भायखळ्याला उतरले की होते! बागेला लागूनच १८७२ सालचे भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मात्र बुधवारी दोन्ही बंद असतात. घारापुरी सोमवारी बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक. वार चुकला तर पाच माणसांचे भाडे पाण्यात, म्हणून आम्ही शुक्रवार धरला.

आईला विचारले, तुला काय पाहायचे? हा प्रश्न तिला बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला. बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "ते राणीच्या हारासारखे दिवे दिसतात ना, ते." मरीन ड्राइव्हचे दिवे संध्याकाळशिवाय लागत नाहीत. दिवे पाहून वाणगावपर्यंत गाडीने आणि तिथून रात्री रिक्षाने चिंचणीला येणे आजीला झेपणार नाही. म्हणजे मुक्काम आला. एका माणसाच्या एका इच्छेने सगळी सहल बदलते, ती अशी. आणि ती बदललीच पाहिजे. नाही तर विचारायचे कशाला?

आजीची मागणी सर्वांत लहान आणि सर्वांत अवघड होती. बसायला जागा आणि स्वच्छ संडास. आपण कितीही नाक मुरडले, तरी घरातल्या निम्म्या माणसांची सहल या दोन गोष्टींवर अडते. बायका प्रवासाला निघताना सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे आपल्या सर्वांच्या घरचे गुपित आहे.

इथे मला आपल्या गावच्याच एका जुन्या दाखल्याची आठवण होते. चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला एक ताम्रपट आहे. त्या वेळी संजाणचा कारभार मधुमती नावाचा एक अरब अधिकारी पाहत होता. त्याने दोन नद्यांवर फुकट तर ठेवली आणि संजाणला भात, कालवण व तूप देणारे अन्नछत्र घातले, असे त्यात नोंदले आहे. हजार वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरच्या राज्यकर्त्याला वाटसरूच्या पायांचा आणि पोटाचा विचार ताम्रपटावर कोरण्याइतका मोलाचा वाटला. मग आजच्या महानगराकडे एक बाकडे, पिण्याचे पाणी आणि कुलूप नसलेला संडास मागितला, तर ती भीक नव्हे.

कुणी म्हणेल, पोटापाण्याच्या विवंचनेत हे रिकामटेकडे उद्योग कशाला? आम्ही देवाला जातो, जत्रेला जातो, तेवढे पुरे. देवाला जरूर जावे. पण देवाला जाण्यातही नवस असतो, म्हणजे कामच असते. दुसरा म्हणेल, मोबाईलवर सगळी मुंबई दिसते. दिसते खरी, पण मोबाईलवर पाहिलेल्या शहरात आईला रस्ता ओलांडता येत नाही. पैशाचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, तो खरा आहे. तरी एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली आहे, तिचे भाडे आमच्यासारख्यांना परवडते. अडते ते पैशाइतकेच सवयीपाशी. लग्नातल्या मानपानाचा एक आहेर वगळला, तर लॉजची रात्र निघते.

याला आणखी एक कारण आहे. आपण महानगराकडे गेलो नाही, तरी महानगर आपल्याकडे येतेच आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला ठरले आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र तर १९६९ पासून शेजारी आहे. यांपैकी काय चांगले, काय वाईट, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते असावेत. परंतु ज्या माणसांनी शहर फक्त रांगेत उभे राहून पाहिले, त्यांना उद्या शहर दाराशी आले, तरी रांगेतच उभे राहावेसे वाटेल. एकदा त्याच शहरात निवांत बसून, पाय पसरून, भेळ खाऊन आलेला माणूस त्याच्याशी ताठ मानेने बोलेल, असा माझा विश्वास आहे.

शेवटी प्राध्यापक मंडळींना एक विनंती. आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी निघते. त्यात आम्ही मुलेमुली जातो. एक वर्ष भूगोल आणि इतिहास विभागांनी मिळून पालकांची एक दिवसाची सहल मुंबईला काढावी. ज्यांच्या घरातून पहिलेच मूल महाविद्यालयात आले आहे, त्यांच्या आयांना त्यात पहिला मान द्यावा. दोनच ठिकाणे ठेवावीत, बसायच्या आणि संडासाच्या जागा आधी जाऊन पाहाव्यात, आणि डबे कुणाच्याही आईला करायला सांगू नयेत. हिशेब आणि वेळापत्रक करायला आम्ही विद्यार्थी आहोतच. रिओच्या चार दिवसांचा सराव आमच्या गाठीशी आहे, मुंबईचा एक दिवस आम्हाला नक्की जमेल!