आवडते सुनीत कोणते?

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण काव्याच्या आवडीस विशेष लागू पडते. तथापि ‘तुझे आवडते सुनीत कोणते?’ असे विचारले असता आमच्या जुन्नर-आंबेगावाकडील पुष्कळ विद्यार्थी एकाच कवितेचे नाव घेतात, आणि ते बहुधा परीक्षेच्या मार्गदर्शकातले असते. ही आवड नव्हे, उसनवारी होय.

सुनीत मराठीत आले तेच मुळी एका कवीच्या स्वतंत्र रुचीमुळे. केशवसुतांनी १८९२ साली ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही चौदा ओळींची कविता रचली. श्लोक, आर्या व ओव्या यांत मुरलेल्या कानांस इटलीहून इंग्लंडमार्गे आलेला हा पाहुणा नवखाच होता. पुढे १९२३ साली पुण्यास रविकिरण मंडळ निघाले. त्यातील स्नेही चहाच्या निमित्ताने एकत्र जमत, कविता वाचीत व त्यांची चर्चा करीत. त्याच मंडळातील माधव जूलियन यांनी १९३८ साली ‘तुटलेले दुवे’ ही सुनीतांची मालाच दिली. लोकांस रुचते तेवढेच लिहावे, असे या कवींनी ठरविले असते, तर आज निवडण्यास आपणांपुढे सुनीते उरतीच ना.

मग निवड करावी कशी? प्रथम सुनीत मोठ्याने वाचावे. पहिल्या आठ ओळींत विचार एका वाटेने चालतो. बहुधा नवव्या ओळीपाशी तो वळतो. शेक्सपियरच्या धर्तीच्या सुनीतात हे वळण पुष्कळदा अखेरच्या दोन ओळींसाठी राखलेले असते. जुन्नरहून नाणेघाटाच्या तोंडाशी पोचताच कोकण जसे एकाएकी पायांखाली उघडते, तसे ते असावे. ज्या सुनीताचे वळण पुस्तक मिटल्यावरही मनात राहते, ते आपले समजावे. कवितेत शिवनेरी आली, एवढ्यानेच ती चांगली ठरत नाही. आणि कवीचे नाव थोर, एवढ्यानेही नाही. ‘आवडले’ या शब्दापुढे ‘कारण’ हा शब्द आलाच पाहिजे.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलाने निवडलेले सुनीत आपणांस रुचले नाही, तर त्यास हसू नये. कारण विचारावे व आपले सुनीत त्यास वाचून दाखवावे. ज्या घरी वाचनाची सवय नसेल, तेथे मुलाने वाचावे व वडीलधाऱ्यांनी ऐकावे. आपली आवड सकारण सांगणे व दुसऱ्याची शांतपणे ऐकून घेणे, हे ज्यास साधले, त्याचा काव्याचा अभ्यास वाया गेला नाही असे आम्ही समजतो.