जखम आणि व्रण

गेल्या पावसाळ्यात कुळगावच्या आमच्या घरी थोरल्या बंधूंच्या तळपायात बारीकशी काच रुतली. काच काढून त्यांनी हळद दाबली आणि ते दुकानात जाऊन बसले. परंतु मधुमेह जुना. तळपायाची संवेदना मंदावलेली, त्यामुळे दुखणेही फारसे जाणवले नाही. महिना उलटला तरी जखम भरेना, आणि अखेर पायाचे एक बोट काढावे लागले. एवढीशी जखम का भरली नाही, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

जखम भरण्याचे काम प्रतिकारक पेशींच्या देखरेखीखाली चालते. काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात आणि जंतूंशी लढतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, काम हाती घेतात. त्या जंतू आणि मृत पेशी गिळून जागा स्वच्छ करतात. एली मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून अशाच भक्षक पेशी त्याभोवती जमताना पाहिल्या. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते प्लेगच्या लसीचे जनक हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

भक्षक पेशींचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. सफाई संपली की त्या आपली भूमिका पालटतात. दाह शमवतात, नव्या रक्तवाहिन्यांना आणि कोलॅजेन विणणाऱ्या पेशींना संदेश देतात. या कोलॅजेनचाच व्रण होतो. तो पक्व व्हायला वर्षही लागते, तरी मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळ त्यास येत नाही. कोलॅजेन प्रमाणाबाहेर वाढले तर व्रण उंचावतो. कानाची पाळी, छाती, खांदा येथे कीलॉइड होतो तो असा.

मधुमेहात हा पालट नीट होत नाही. भक्षक पेशी दाहाच्या अवस्थेतच अडकतात, त्यात रक्तपुरवठाही मंदावलेला असतो. लढाई संपत नाही आणि बांधणी सुरू होत नाही.

आपण दिवसभर गादीवर बसणारी माणसे. मधुमेह आपल्या घरोघरी आहे. मंदिरात अनवाणी जाणे व्हायचेच. म्हणून मधुमेही व्यक्तीने रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. दिसत नसेल तर घरच्यांनी पाहाव्यात. पायाला जखम दिसली की हळदीवर न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. दुकानाचा हिशेब आपण रोज रात्री तपासतोच. त्यात ही पाच मिनिटे जड नाहीत.