संकल्पचित्र आणि बांधणी एकाच हाती: आक्षेपांना उत्तर

पुलाचे संकल्पचित्रही ठेकेदारानेच करायचे आणि पूलही त्यानेच बांधायचा, ही डिझाइन-बिल्ड पद्धत सरकारी कामांत नको असे म्हणणारे सांगतात, की ही चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली झाली. ठेकेदार लोखंड वाचेल असेच संकल्पचित्र करणार; संकल्पक वेगळा असला, की ठेकेदाराला वेसण बसते.

यातली लोकांच्या जिवाची काळजी खरी आहे. वेगळेपणावरचा भरवसा मात्र अनुभवाला उतरत नाही. अमेरिकेत मिनियापोलिस येथे मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू पूल १९६७ साली सुरू झाला, तो याच वेगळेपणाने: संकल्पचित्र सल्लागार कंपनीचे, बांधणी ठेकेदारांची. १ ऑगस्ट २००७ रोजी, संध्याकाळच्या वर्दळीत तो कोसळला. १३ माणसे गेली, १४५ जखमी झाली. चौकशीत आढळले, की सांध्यांवरच्या काही गसेट प्लेट संकल्पचित्रातच हव्या त्यापेक्षा निम्म्या जाडीच्या, अर्ध्या इंचाच्या होत्या. सल्लागार वेगळा होता, ठेकेदार वेगळा होता, सरकारी मंजुरीही होती. चूक कोणीच पकडली नाही.

त्याच जागी नवा पूल डिझाइन-बिल्डने उभारला. वरच्या भागाचे संकल्पन चालू असतानाच पायाचे काम सुरू झाले, आणि १८ सप्टेंबर २००८ रोजी, मुदतीच्या तीन महिने आधी, पूल खुला झाला. चार निविदांपैकी निवडलेली सर्वांत महाग होती, २३ कोटी ४० लाख डॉलरची. किमतीबरोबर तांत्रिक गुणही मोजले होते. प्रकरण कोर्टात गेले, पण मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ही निवड वैध ठरवली.

विरोधक बिहारकडे बोट दाखवतील. अगुवानी-सुलतानगंज पूल ईपीसी पद्धतीचा, म्हणजे संकल्पनही ठेकेदाराचेच. एप्रिल २०२२ मध्ये त्याचा एक भाग पडला आणि ४ जून २०२३ रोजी पुन्हा मोठा भाग गंगेत गेला. हे उदाहरण मी टाळणार नाही. पण मधल्या वर्षभरात पुलाचा मालक सरकारच होते. ठेकेदाराचे संकल्पचित्र तिऱ्हाइताकडून तपासून घेण्याची जबाबदारी ठेकेदाराची नव्हे, मालकाची असायला हवी.

जुन्या पद्धतीत पायाखाली अपेक्षित खडक लागला नाही, की ठेकेदार नकाशाला दोष देतो, संकल्पक बांधणीला. वाढीव कामाची बिले निघतात, लवाद बसतो आणि दोघांचे भांडण सरकारच्या तिजोरीतून मिटते. एकाच हाती काम असले, की ही पळवाट उरत नाही. म्हणून ही पद्धत मोठ्या पुलांना आणि बोगद्यांना हवीच. सोडायचा आहे तो सर्वांत कमी दराचा, एल-१चा हट्ट. केवळ स्वस्त म्हणून निवडलेला ठेकेदार लोखंडच वाचवणार. तांत्रिक गुणांना निविदेत खरे वजन द्यावे. तपासनीस स्वतंत्र असावा, त्याचे मानधन ठेकेदाराने नव्हे तर सरकारने द्यावे, आणि एखाद्या भागाच्या संकल्पचित्रावर त्याची सही झाल्याशिवाय त्या भागाचे काँक्रीट ओतू देऊ नये.