साठी बुद्धी नाठी?

घरातील वडील मंडळी चष्मा कुठे ठेवला ते विसरली की, 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण मोकळे होतो. चष्मा हरवणे हा वार्धक्याचा सहजधर्म होय. पण रोजच्या वाटेने घरी परतता न येणे, हा नव्हे. तो स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा विकार. त्याला वय म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

हा विकार टाळता येईल काय? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली अशी १४ कारणे सांगितली की, ती सर्व दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा विकार टळेल किंवा लांबेल. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १२६० स्त्रीपुरुषांवर दोन वर्षे प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबावर नजर, ही चारही पथ्ये ज्यांनी एकत्र पाळली, त्यांची बुद्धी चाचण्यांत अधिक तल्लख ठरली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले.

यातले इंगित साधे आहे. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के. पण शक्ती खातो पाचव्या हिश्श्याएवढी! ती त्याला रक्तवाहिन्यांतूनच मिळते. रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान या वाहिन्या नासवतात, तेही चाळिशीपासूनच. म्हणून पथ्य आजोबांइतकेच त्यांच्या चिरंजीवांनाही हवे. नुसत्या भिजवलेल्या बदामांवर भिस्त ठेवू नये. पानात पालेभाजी, उसळ, कोशिंबीर आणि खाणाऱ्यांच्या घरी मासळी असावी. पापड-लोणचे बेताने घ्यावे. दिवाळीत चकली जरूर खावी, मात्र डबा समोर घेऊन बसू नये. रोज अर्धा तास झपझप चालावे.

आणखी एक कारण आपल्या घरांत सर्रास दुर्लक्षिले जाते: बहिरेपण. डोळ्यांना चष्मा आपण बिनदिक्कत लावतो, पण कानाच्या यंत्राची लाज वाटते. ऐकू येत नाही म्हणून आजी गप्पांतून उठून जाते, एकटी पडते, आणि मेंदूला खाद्य मिळेनासे होते. ऐन फराळाच्या बैठकीत ती नुसतीच हसून मान डोलावत असेल, तर भाऊबीज आटोपताच तिचे कान तपासून घ्यावेत. तोवर तिच्यासमोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलावे.