बॉलर हवाय, बॉलर!

१८ डिसेंबर २०२४ ला अश्विन रिटायर झाला. ५३७ कसोटी विकेट्स! त्या दौऱ्यासाठी मुंबईच्या तनुष कोटियनला बोलावलं, तेव्हा आमच्या ऑफिसात गप्पा कशाच्या? तर त्याच्या दहाव्या नंबरवरच्या रणजी शतकाच्या!

पुण्यात २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या ११ विकेट्स काढणारा वॉशिंग्टन सुंदर नोव्हेंबर २०२५ ला कोलकात्यात तिसऱ्या नंबरवर बॅटिंगला. बॉलिंग? एक ओव्हर. त्या मालिकेत दक्षिण आफ्रिकेच्या हार्मरने ऑफस्पिनवरच १७ विकेट्स काढल्या. आपण ०-२.

अश्विनचीही सहा कसोटी शतकं आहेत, मान्य. पण ती बोनस होती हो! सिनियर डीबीए सोडून गेला तर प्रेझेंटेशन छान करतो म्हणून कुणी माणूस घेतं का?

आमच्या मांजर्लीतल्या टेनिसबॉल मॅचलासुद्धा बॉलर विकेट काढतो का, एवढंच बघतात.