चाळणीत अडकलेले सारेच खडे नसतात

गर्भवतीच्या रक्तात गर्भाचा डीएनए आढळतो, हे डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली दाखवून दिले. त्यावर आधारलेली रक्तचाचणी 2011 पासून प्रचारात आली आणि डाऊन सिंड्रोमच्या शंकेने पोटात सुई घालून गर्भजल काढण्याचे प्रसंग अनेक देशांत पुष्कळ घटले. नेदरलँड्समध्ये तर 2017 पासून ही चाचणी सर्वच गर्भवतींना देऊ केली गेली. त्या सुईमुळे क्वचित का होईना, गर्भपात होण्याचा धोका असतो. तेव्हा हे इष्टच झाले.

परंतु तेवढ्यावरून 'आता सुईचे कामच उरले नाही' असा डांगोरा जे पिटतात, त्यांना आमचा स्पष्ट विरोध आहे. रक्तात सापडणारा तो डीएनए मुख्यत्वे वारेचा असतो. वारेत दोष असूनही मूल निर्दोष असू शकते. शिवाय तरुण मातांत हा दोष मुळातच विरळा. म्हणून त्यांच्या बाबतीत मिळणाऱ्या इशाऱ्यांत खोट्या इशाऱ्यांचा वाटा अधिक. ही चाचणी म्हणजे चाळणी आहे, निवाडा नव्हे. केवळ तिच्या कागदावर विसंबून गर्भ काढून टाकणे म्हणजे साक्षीपुराव्यावाचून शिक्षा ठोठावणे होय!

जिला इशारा मिळाला नाही, तिची सुई खुशाल टळो. जिला मिळाला, तिला मात्र गर्भजलपरीक्षेचा मार्ग दाखविलाच पाहिजे. पुढचा निर्णय त्या मातापित्यांचा. पण तो संशयावर नव्हे, सत्यावर उभा असावा.